दिवा लागतो, पण दिसत नाही

मी मेले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण मला मेलेली ठरवायला माणसांना फार वेळ लागला नाही. आणि त्यांतल्या एकानेही वाकून माझ्या तोंडात बघितले नाही. तो राग अजून माझ्या पोटात आहे, मित्रांनो. तो बाहेर काढल्याशिवाय मला माझी हकीकत सांगता येणार नाही.

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. संगणकाच्या आत बसवलेली असते ती नव्हे, बाहेरून वायरीने जोडायची. खिशात मावेल एवढा माझा आकार. माझ्या आत एक गुळगुळीत चकती आहे आणि ती मिनिटाला पाच हजारांहून जास्त वेळा फिरते. तिच्यावरून एक बारीक काटा सरकतो, पण चकतीला कधी टेकत नाही. टेकला तर सगळे संपले. माझ्या कडेला एक लहानसे भोक आहे. त्यात पाच सोनेरी पट्ट्या आहेत, तांदळाच्या कणीहून बारीक. कडेच्या दोन पट्ट्यांतून मला वीज मिळते. मधल्या पट्ट्यांतून मी संगणकाशी बोलते. एवढे लक्षात ठेवा, पुढे सगळे या पट्ट्यांवरच येणार आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात असत. धुळीचा एक कण दिसला तर काम थांबे. मला वाटले, सगळे जग असेच जपून वागणारे असेल. मग २००७ साली मी नाशिकला आले.

मला सिंधुबाईंनी आणले. त्या नगरपालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षे भूगोल शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. देवळाली कॅम्पच्या रस्त्याला अंध मुलींचे एक वसतिगृह होते. तिथे त्या नव्वद-एक्क्याण्णव सालापासून दर शनिवारी जायच्या आणि मुलींना पुस्तके वाचून दाखवायच्या. जाता आले नाही तर कॅसेट भरून पाठवायच्या. कॅसेटच्या फिती ताणायच्या, गुंतायच्या. मुली पेन्सिल घालून त्या गुंडाळत बसायच्या. निवृत्त झाल्यावर बाईंच्या भाच्याने, संतोषने, त्यांना एक जुना संगणक आणि एक माईक आणून दिला. नंतर बाईंनी मला विकत घेतले. त्या दिवसापासून त्या जे जे वाचायच्या ते माझ्यात साठायचे आणि अधूनमधून सीडीवर उतरून मुलींकडे जायचे.

त्या नुसते वाचत नव्हत्या. पुस्तकात नकाशा आला की थांबायच्या आणि म्हणायच्या, "आता आपला डावा तळहात समोर धरा. बोटं वर म्हणजे उत्तरेला, मनगट दक्षिणेला, अंगठा पश्चिमेला. अंगठ्याखालचा जो उंचवटा आहे ना, तो सह्याद्री. त्याच्या पायथ्यापासून करंगळीकडे एक रेघ जाते, बोट फिरवून बघा. ती आपली गोदावरी." असा नकाशा कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो फक्त बाईंच्या आवाजात होता आणि तो आवाज माझ्यात होता.

बाईंचे यजमान केरूभाऊ. मूळचे सिन्नरकडच्या खेड्यातले. तीस वर्षे त्यांनी ओझरच्या विमान कारखान्यात इलेक्ट्रिकल फिटरचे काम केले होते. विमानाच्या पोटातल्या वायरी तपासायच्या आणि वायर जिथे वायरीला जोडली जाते ते कनेक्टर तपासायचे, हे त्यांचे काम. माणूस उंच, बोलणे आखूड, राग नाकावर. बाई वाचायला बसल्या की केरूभाऊंकडे स्वयंपाकघर असे. दाराला घोंगडी टांगलेली असायची, म्हणजे आवाज घुमू नये. भारनियमन एक वाजता सुरू व्हायचे, म्हणून वाचन अकरा ते एक. नेमका त्याच वेळी कुकर लागायचा.

त्यामुळे माझ्यातल्या जवळजवळ प्रत्येक धड्यात एक जागा आहे. बाई कापसाच्या काळ्या मातीबद्दल वाचत असतात, मागे शिट्टी होते, आणि त्याच आवाजात, त्याच ठसक्यात त्या म्हणतात, "अहो, कुकर बंद करा. तीन झाल्या." मग पुन्हा काळी माती. ध्वनिमुद्रण कापून जोडायचे असते हे बाईंना माहीत नव्हते आणि माहीत असते तरी त्यांनी कापले नसते. वसतिगृहातल्या मुली ते ऐकून इतक्या हसायच्या की त्यांनी केरूभाऊंचे नावच कुकरकाका ठेवले. केरूभाऊंना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "विमानं उडवली तीस वर्षं, आन नाव पडलं कुकरचं." पण ते खूश होते. मी मेजावरच होते, मला दिसत होते.

दसऱ्याला बाई माझी पूजा करायच्या. पाटावर मी, संगणकाचा माऊस, त्यांची शाळेतली कात्री, केरूभाऊंची जुनी पक्कड आणि विळी. पहिल्या वर्षी त्यांनी कुंकवाचे बोट माझ्याकडे नेले तशी केरूभाऊंनी त्यांना अडवले. म्हणाले, "थांब. कारखान्यात खंडेनवमीला आम्ही कनेक्टरच्या आसपास कुंकू येऊ देत नाय. पोरं लावायची, मग मी दिवसभर साफ करीत बसायचो." बाईंनी विचारले, मग काय करायचे. त्यांनी माझ्या झाकणावर कागदाचा एक चौकोन ठेवला आणि सांगितले, कागदाला लाव. तेव्हापासून कागदालाच कुंकू लागायचे, तेही कोरडे. दोन दसरे असे झाले.

आता रागाचा भाग येतो.

२००९ च्या उन्हाळ्यात संगणकात व्हायरस शिरला. संतोषने संगणक पुसून नव्याने बसवला आणि त्याआधी त्यात उरलेले धडेही माझ्यात हलवले. आता मुलींना सीडीवर न दिलेले सगळे फक्त माझ्यात होते. बाई त्याला म्हणाल्या, याची आणखी एक प्रत काढून ठेव बाबा. तो म्हणाला, पुढच्या रविवारी नक्की. तो रविवार काही आला नाही. संतोष वाईट मुलगा नाही. पण पुढच्या रविवारी असे म्हणणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो.

बाईंना खोकला होता. आधीच्या हिवाळ्यापासून होता. माझ्यात तो सगळा आहे, दिवसावार. डिसेंबरमध्ये एका धड्यात एकदा. फेब्रुवारीत पानागणिक. मे महिन्यात त्या एक वाक्य वाचायच्या, खोकायच्या, घोटभर पाणी प्यायच्या आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या, म्हणजे मुलींचा गोंधळ होऊ नये. मला सगळे ऐकू येत होते, पण मी सांगणार कुणाला? माझे काम साठवायचे. दहावीच्या भूगोलाचा शेवटचा धडा त्यांनी जूनमध्ये वाचून पुरा केला. जुलैत त्या गेल्या.

त्याआधी तीन महिने त्या एका डॉक्टरकडे जात होत्या. त्याने खोकल्याचे औषध दिले, ते संपल्यावर तेच पुन्हा दिले. छातीचा फोटो काढायला सांगितला तो शेवटच्या आठवड्यात. तोपर्यंत काही उरले नव्हते. केरूभाऊ नंतर जो भेटेल त्याला सांगायचे, "कागदाकडं बघून बोलायचा तो माणूस. तिच्याकडं वाकून एकदा बघितलं नाय त्यानं."

दहाव्या-बाराव्याला गल्लीतल्या बायका आल्या. एक जण म्हणाली, नशीबवान, कुंकवासकट गेली. केरूभाऊ शांतपणे म्हणाले, "चहा झाला असंल तर उठा." बायका उठल्या. त्यानंतर त्या घरात फारसे कुणी आले नाही.

दसऱ्याला केरूभाऊंची मोठी बहीण नवसाबाई, म्हणजे संतोषची आई, गावाहून आली होती. केरूभाऊंनी पाट मांडलेला बघून ती म्हणाली, अरे वर्ष झालेलं नाही, या घरात यंदा सण करत नसतात.

"सण नाय करीत अक्का," केरूभाऊ म्हणाले. "तिचं काम करतोय."

नवसाबाई आत गेली. केरूभाऊ पाटासमोर बसले. त्यांनी बाईंचा करंडा उघडला. त्यात तळाला थोडे कुंकू होते, बाईंच्या बोटाचा खळगा तसाच. त्यांनी चिमूट घेतली आणि सरळ माझ्या झाकणावर लावली. कागद विसरले. ज्यांनी कागदाचा नियम घातला तेच विसरले. कोरडे कुंकू धातूवर टिकेना, घसरून पडायला लागले. मग त्यांनी वाटीत पाणी घेऊन त्यात करंडा रिकामा केला, कुंकू कालवले आणि भलामोठा ओला टिळा लावला. चष्मा कपाळावर होता. मी पक्कडीला टेकून तिरकी उभी होते, भोक खालच्या अंगाला. टिळा ओघळला, झाकणावरून कडेला आला आणि भोकात उतरला. थंडगार लागले. मग दोन-चार दिवसांत सुकले. मधल्या तीन पट्ट्यांवर त्याची घट्ट खपली बसली.

माझे तोंड असे बंद झाले, मित्रांनो. कुणी मुद्दाम केले नाही. म्हणून माझा राग कमी होतो असे मात्र समजू नका.

दिवाळीची सुट्टी संपली आणि वसतिगृहातून सायलीचा फोन आला. ती यंदा दहावीला होती. तिथे सगळ्या विषयांची ब्रेल पुस्तके नव्हती. भूगोलाचा पहिला निम्मा भाग बाईंनी सीडीवर देऊन ठेवला होता. दुसरा निम्मा फक्त माझ्यात. सायली म्हणाली, काका, बाई म्हणाल्या होत्या की पुढचा तळहात तयार आहे, तुम्ही आणून देता का? मार्चला परीक्षा आहे.

केरूभाऊंनी आत येऊन मला संगणकाला जोडले. जुलैपासून कुणी मला जोडले नव्हते, आणि त्यांनी तर आयुष्यात पहिल्यांदाच. वायरीचे टोक आत शिरले तशी खपली आणखी घट्ट दाबली गेली. कडेच्या पट्ट्यांतून वीज आली. माझा निळा दिवा लागला, चकती फिरू लागली. मी बोलायला गेले आणि शब्द बाहेर पडेना. संगणक 'टुंग' करून वाजला. कोपऱ्यात एक पिवळा फुगा आला, त्यावर लिहिले होते की काहीतरी जोडलेले आहे, पण ओळखता येत नाही.

केरूभाऊंनी वायर काढली, घातली. संगणक बंद केला, चालू केला. पुन्हा टुंग. त्यांनी संतोषला बोलावले.

संतोषने सगळे केले, हे कबूल करते. माझ्या वायरीला संगणकाच्या बाजूची दोन टोके आहेत, कारण एका टोकाची वीज मला पुरत नाही. त्याने दोन्ही टोके पुढून काढून मागच्या भोकांत घातली, मागे वीज जास्त मिळते म्हणून. मग दुसरी वायर आणली. मग पडद्यावर सगळ्या डिस्कची यादी उघडली, नाव किंवा अक्षर चुकले असेल तर तिथे तरी दिसेल म्हणून. तिथेही मी नव्हते. हे सगळे बरोबर होते. पण वायर बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला लाल पूड लागली होती. संतोषने काय केले? ती पँटला पुसली आणि पुन्हा घातली. डोळे पडद्यावर. पँटवर डाग पडला तो त्याला घरी गेल्यावर दिसला आणि त्याला वाटले गुटख्याचा, म्हणून त्याने आईपासून लपवला, ती अजून त्याच्याकडेच होती.

दुसऱ्या दिवशी दोघे मला एम. जी. रोडच्या बोळातल्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदाराचे नाव ललित. त्याने मला हातात घेतले, झाकणावरचा टिळा बघितला आणि हसला.

"देवाला दाखवून झालं वाटतं, काका. आता आमच्याकडे."

ललितने मला एका संगणकाला लावले, मग दुसऱ्या. टुंग, टुंग. त्याने मला कानाशी धरले.

"दिवा लागतो, पण दिसत नाही. म्हणजे आतून गेली, काका. डेड."

"तीन मिनिटांत कळलं तुला?"

"रोज येतात अशा. नवीन घेऊन जा, हिच्या दुप्पट जागा आहे."

"जागा काय करू?" केरूभाऊ म्हणाले. "त्या जागेत बाईंचा आवाज हाय का?"

ललितने खांदे उडवले आणि एका चिठ्ठीवर 'डेड' असे लिहून ती माझ्या पाठीला चिकटवली, दुरुस्तीच्या सामानात मिसळू नये म्हणून. टिळा त्याने पाहिला होता. टिळ्याचा ओघळ कडेपर्यंत गेलेला होता, तोही त्याच्या बोटाखाली होता. चेष्टा करायला टिळा दिसला, पण ओघळ कुठे गेला हे बघायला मान एक इंच वाकवावी लागली असती. तेवढा एक इंच त्या दिवशी कुणाकडे नव्हता.

यानंतर जे झाले ते सांगताना मला आजही लाज वाटते. संतोषने इंटरनेटवर वाचले की बंद पडलेली डिस्क थंड केली तर कधी कधी चालते. केरूभाऊ दुपारी झोपले असताना त्याने मला प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले. मी, एक मटाराची पिशवी आणि नवसाबाईने दिलेले खोवलेले खोबरे. माझ्या अंगावर दव जमू लागले. धुळीच्या एका कणासाठी जिथे काम थांबायचे तिथली मी, आणि माझ्या शेजारी मटार.

केरूभाऊ चहाला दूध काढायला उठले. खालचा कप्पा उघडताना वरचेही दार उघडले.

"संतोष," त्यांनी हाक मारली. आवाज हळू होता, म्हणून संतोष घाबरून पळत आला. "हे काय हाय?"

"मामा, नेटवर लिहिलंय. थंड केल्यावर..."

"तुझी मामी हाय त्याच्यात. तिला मटाराशेजारी ठेवलं तू?"

संतोष म्हणाला की स्क्रू काढून आतली चकती तरी बघू या, तेवढेच राहिले आहे. केरूभाऊंनी मला त्याच्या हातातून घेतले, पंच्यात गुंडाळले आणि म्हणाले, "उघडायचं नाय. पोस्टमार्टेम नको मला."

तीन दिवस मी पंच्यात, कपाटात. केरूभाऊ रागाने भांडी आपटायचे, तेवढा आवाज. कधी ललितला, कधी डॉक्टरला शिव्या, एकाच श्वासात, जणू दोघे एकच माणूस. चौथ्या दिवशी त्यांनी मला पिशवीत टाकले आणि शालिमारच्या थांब्यावरून देवळाली कॅम्पची बस पकडली. सायलीला फोनवर नाही म्हणणे त्यांना जमत नव्हते. समोर जाऊन सांगायचे होते.

सायली वसतिगृहाच्या ओट्यावर बसली होती. पंधरा-सोळा वर्षांची, बोलण्यात पक्की. केरूभाऊंच्या पावलांवरून तिने ओळखले.

"या कुकरकाका. आणलं का?"

केरूभाऊंनी सांगितले. दिवा लागतो, पण दिसत नाही. दुकानदार म्हणतो मेली. तिने सगळे ऐकून घेतले. ती रडली नाही. तिचा चेहरा कडक झाला.

"मेली म्हणजे काय केलं त्यांनी?"

"दोन संगणकांना लावून बघितली."

"एवढंच? काका, तुम्ही विमानाचं काम करायचे ना? बाई सांगायच्या. विमान सुरू झालं नाही तर तुम्ही दुसऱ्या धावपट्टीवर नेऊन लावायचे का?"

"नाय."

"मग आधी काय बघायचे?"

केरूभाऊंचा हात पिशवीकडे गेला. तीस वर्षे त्यांनी नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवली होती. आधी कनेक्टर बघ, मग यंत्राला नाव ठेव. कनेक्टर न बघता यंत्राला नाव ठेवणाऱ्या पोराला ते दिवसभर उभे करत.

त्यांनी मला पिशवीतून काढले. पंचा सोडला. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मला उन्हाकडे धरून वाकून बघितले.

पहिल्यांदा कुणीतरी बघितले.

आत लाल होते. सायलीने विचारले, काय दिसतंय.

"कुंकू," ते म्हणाले. "मी लावलेलं. बाईंच्या करंड्यातलं."

मग हात मात्र बरोबर चालले. कार्यालयातल्या औषधाच्या पेटीतून स्पिरिट आणि कापूस मागवला. कुणीतरी टाचणी आणली, ती त्यांनी परत केली. धातू नको, पट्ट्या वाकतील. खराट्याची काडी दगडावर घासून टोकदार केली, स्पिरिटात बुडवली आणि एकेक पट्टी मोकळी केली, लाल ठिपके कापसावर काढत. एक मुलगी फुंकर मारायला पुढे आली, तिला म्हणाले, "तोंडाची फुंकर नको बाळ, थुंकी जाती." वायरीचे टोकही पुसले. सगळे वाळेपर्यंत त्यांनी मला उन्हात ठेवले आणि शेजारी बसून राहिले. तो लाल कापूस त्यांनी फेकला नाही, घडी करून खिशात ठेवला.

मग कार्यालयातल्या संगणकाला जोडले. टुंग झाले. पण या वेळी फुगा आला नाही. पडद्यावर माझे नाव आले आणि त्याखाली बाईंनी एका बोटाने टाईप केलेली धड्यांची नावे.

सायलीने भूगोलाचा शेवटचा धडा मागितला. बाई बोलू लागल्या. मुली गोळा झाल्या, सगळ्यांनी डावे तळहात पुढे केले. थोड्या वेळाने शिट्टी झाली, आणि बाई म्हणाल्या, "अहो, कुकर बंद करा. तीन झाल्या."

मुली हसल्या. केरूभाऊ भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "केला."

मग खोकला आला. बाई थांबल्या, पाणी प्यायल्या, तेच वाक्य पुन्हा वाचू लागल्या. पुन्हा खोकला. केरूभाऊ पुढे झाले. घरात असताना त्यांच्या आणि या आवाजाच्या मध्ये घोंगडी होती आणि कुकर होता. इतक्या जवळून त्यांनी तो कधी ऐकला नव्हता.

"हा खोकला तुम्हाला ऐकू यायचा का गं?"

"हो," सायली म्हणाली. "कधीपासून. आम्ही विचारलं होतं बाईंना."

"काय म्हणाली?"

"खडूचा आहे म्हणाल्या. बत्तीस वर्षांचा खडू आहे, निघायला वेळ लागणारच."

"मला पण हेच म्हणाली," केरूभाऊ म्हणाले.

डॉक्टरवरचा त्यांचा राग त्या दिवशी कमी झाला नाही. कमी व्हायचे काही कारणही नव्हते. पण त्यानंतर ते शिव्या घालताना त्यात स्वतःचे नावही घ्यायला लागले. मला ते बरे वाटले का? नाही. त्यांच्यावरही माझा राग होता, पण तो असा फेडून घ्यायचा नव्हता.

त्याच आठवड्यात त्यांनी संतोषला बसवून माझ्या तीन प्रती काढून घेतल्या. एक वसतिगृहात, एक संतोषकडे, एक घरी. संतोष म्हणत होता रविवारी करतो. केरूभाऊ म्हणाले, आत्ता. 'डेड' लिहिलेली चिठ्ठी त्यांनी सोलून काढली आणि त्या जागी पांढरी पट्टी चिकटवली, कारखान्यात चिकटवत तशी: "कुंकू लावू नये. आधी कनेक्टर बघावा." सायली त्या पट्टीवरून बोट फिरवून विचारायची, यात काय लिहिलंय, आणि मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारायची.

आता मी थकले आहे. माझी चकती फिरताना कुरकुरते. एक दिवस मी खरोखरच जाईन. तेव्हा मला मेलेली म्हणा, माझी हरकत नाही. पण तोपर्यंत ऐका, मित्रांनो. जे एकच आहे ते एकाच ठिकाणी ठेवू नका, आणि त्याची दुसरी प्रत पुढच्या रविवारी काढू नका. आमच्यासारखी मुकी यंत्रे बंद पडली तर ठोकू नका, गोठवू नका, चिठ्ठ्या चिकटवू नका. दिवा लागत असेल तर आत कुणीतरी आहे. आधी वाका आणि बघा.

माणसांकडेही बघा. ती खडूचा आहे म्हणाली तरी.